भिंगवाल्यांचा कोपरा

दूध वर येत होतं, आईची कवळी सापडत नव्हती, आणि कवळी शोधता शोधता दुकानाच्या किल्ल्या मात्र साखरेच्या डब्यामागे सापडल्या होत्या. म्हणजे सकाळ अगदी रोजच्यासारखी होती. मोठीने एका हाताने गॅस बारीक केला आणि दुसऱ्या हाताने आईच्या उशीचा अभ्रा झटकला. कवळी टुणकन खाटेवर पडली.

"बघ, मी म्हणत होते ना, मी नव्हती ठेवली तिथे," आई बोळक्या तोंडाने म्हणाली. "तीच गेली असेल."

तेवढ्यात दार वाजलं.

गिऱ्हाईक पुढच्या बाजूने येतं आणि दुकानाच्या शटरवर थापा मारतं. ही टकटक मागच्या दारावर होती, दोनदा हलकी आणि मग एक जोरात. लहानपणी उशिरा घरी आलं की वडिलांना कळू नये म्हणून दोघी बहिणींनी ठरवलेली ती खूण. मोठीने दूध उतरवलं, त्यावर झाकण ठेवलं, हात पुसले. एवढं सगळं सावकाश करून मग दार उघडलं.

धाकटी उभी होती. टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तिने तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं.

"ताई, आत येऊ का?"

"आलीच आहेस तर ये. दार लावून घे, मांजर शिरतं."

आईने डोळे बारीक करून पाहिलं. "कोण, धाकटी? अगंबाई, किती वाळलीस. का मलाच कमी दिसतंय?"

"तुला कमी दिसतंय आई," मोठी म्हणाली. "चांगली गुटगुटीत आहे ती."

मोठीचं बोलणं ऐकून घ्यायचं ठरवूनच ती आली होती, हे तिच्या खाली घातलेल्या मानेवरून कळत होतं. तिने टॉवेल जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि एकेक घडी उलगडली.

आत काय आहे हे मोठीला शेवटची घडी निघायच्या आधीच कळलं होतं. दगडाचं वजन टेबलाच्या लाकडावर कसं टेकतं, त्या आवाजावरून.

*

या घराचा पुढचा भाग म्हणजे घड्याळदुरुस्तीचं दुकान. वडिलांचं होतं, आता मोठीचं. रस्त्यावरचे लोक तिला घड्याळवाल्या बाई म्हणतात. डोळ्याला भिंग लावून ती बसली की समोर कोण उभं आहे याचं तिला भान नसतं. लोक आपापसांत भांडतात, लग्नं ठरवतात, आणि ती एक बारीक स्क्रू चिमट्यात धरून असते. पण घड्याळं हे तिचं पोटापाण्याचं काम. जीव दगडांत. कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकली, ते पुढे कुठे नोकरीत वापरायचं राहून गेलं, आणि उरलं ते सगळं तिने दगडांवर खर्च केलं.

गावाबाहेर तांब्याची एक जुनी, बंद पडलेली खाण आहे. खाणीतून काढून टाकलेल्या निकामी दगडांची टेकाडं तिथे पसरलेली आहेत. कॉलेजच्या दिवसांत मोठी, धाकटी आणि मोठीचा वर्गमित्र असे तिघं सुट्टीच्या दिवशी हातोडे घेऊन तिथे जायचे. वर्गमित्राच्या गळ्यात दोरीला बांधलेलं एक भिंग कायम लोंबत असायचं. आंघोळीलाही तो ते काढत नसेल, असं वडील म्हणायचे. म्हणून घरात त्याचं नाव पडलं भिंगवाले. त्या वयातही 'भिंगवाला' नाही, आदरार्थी 'भिंगवाले', कारण तो चालायचाच तसा, मागे हात बांधून, जणू टेकाड त्याच्या मालकीचं.

धाकटी मात्र दगडांसाठी जात नव्हती. हे मोठीला फार उशिरा कळलं. तोवर आईला, वडिलांना आणि चहाच्या टपरीवाल्याला सगळं ठाऊक झालं होतं.

अशाच एका सुट्टीच्या दिवशी मोठीने एक पांढरा गोळा फोडला आणि आत हिरवं चमकलं. भिंगवाल्यांनी लांबूनच पाहिलं आणि म्हणाले, "मॅलाकाइट. तांब्याचा साधा हिरवा दगड, इथे पोत्याने मिळतो. टाक."

तिने टाकला नाही. मॅलाकाइट तिने शेकड्याने पाहिला होता. त्याचा हिरवा मऊ असतो, मखमलीसारखा. हा हिरवा आतून उजळल्यासारखा होता, पाचूसारखा, आणि त्याचे आखूड, टोकदार स्फटिक पांढऱ्या चुनखडीत दाणे पेरावेत तसे रुतलेले होते. घरी येऊन तिने खिळा ओढून पाहिला. मॅलाकाइटवर खिळ्याने चरा उठतो; याच्यावर उठेना. मग वडिलांचं भिंग डोळ्याला लावून तिने एक सुटा दाणा उचलला, त्याच्यावरचा पांढरा कण न् कण सुईने काढला आणि त्यावर पातळ ऍसिडचा थेंब सोडला. मॅलाकाइट असता तर फसफसला असता. हा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी पाहते तर दाण्याची चमक गेलेली, वर बुळबुळीत सायीसारखा थर.

त्या एका दाण्याने तिला दोन गोष्टी शिकवल्या. हा डायोप्टेज, तोही तांब्याचाच हिरवा दगड, पण भलता दुर्मिळ. आणि ऍसिड याला हळूहळू खातं. पहिली गोष्ट तिने पहिल्याच संध्याकाळी आनंदाच्या भरात दोघांनाही सांगितली. दुसरी सांगायची राहिली, कारण ती कळली त्याच दुपारी वडील दुकानात बसल्या बसल्या कोसळले.

पुढचे दिवस मोठी हॉस्पिटलात वडिलांच्या उशाशी होती. वडील गेले. दिवस सरले तसे पाहुणे पांगले, आणि एक दिवस गावच्या संग्रहालयातून घरी आमंत्रण आलं, दगडांच्या नव्या दालनाच्या उद्घाटनाचं. मोठी आईला घेऊन गेली. मधोमध काचेची पेटी, पेटीत तिचा दगड, आणि खाली चिठ्ठी: काय, कुठे सापडला, कुणाला सापडला. कुणाला, याच्यापुढे भिंगवाल्यांचं नाव होतं. शेजारी भिंगवाले स्वतः, हार घातलेले, संग्रहालयातली कच्ची नोकरी त्याच दिवशी पक्की झालेली.

मोठीचं तोंड उघडलं होतं, पण आईने तिचा दंड धरला. "आता नको. धाकटीचं त्याच्याशी ठरलंय. तू बोललीस तर मोडेल."

मोठी बोलली नाही. पण विसरलीही नाही.

तिचा सूड हा असा बसल्या जागेवरचा होता. गावात घड्याळं दुरुस्त करणारी ती एकटी. शाळेचं घड्याळ तिने केलं, बँकेचं केलं, स्टेशनचं केलं. संग्रहालयाच्या दारावरचं मोठं घड्याळ मात्र बंद पडलं ते पडलंच. शिपाई आला, तिने सांगितलं, सुटा भाग मिळत नाही. पुन्हा आला, तिने सांगितलं, अजून मिळत नाही. सुटा भाग तिच्या खणात कागदात गुंडाळून ठेवलेला होता. संग्रहालयात पावणेपाच वाजलेले, ते वाजलेलेच राहिले. कधीमधी ती तिकीट काढून आत जायची, पेटीसमोर उभी राहून काचेवर चिठ्ठीच्या बरोब्बर समोर श्वास सोडायची. चिठ्ठी धूसर व्हायची. मग ती रुमाल न वापरता परत यायची.

धाकटीच्या लग्नाला ती गेली नाही. बारशांना गेली नाही. रस्त्यात दिसली तर घड्याळात बघायची.

*

"हे असं कसं झालं?" मोठीने विचारलं.

दगडाचा एक कोपरा मेला होता. बाकी सगळीकडे पांढऱ्यातून हिरवे कण डोकावत होते, पण त्या कोपऱ्यात स्फटिक उघडे पडले होते आणि त्यांच्यावर मळकट साय धरली होती. वापरून वापरून घासलेल्या बाटलीच्या काचेसारखे दिसत होते.

"परवा बाहेरून माणसं येणारेत," धाकटी म्हणाली. "मोठे तज्ज्ञ. ह्यांनी त्यांना पत्रात कळवलंय की आतला सगळा हिरवा उघडा करून दाखवतो. मग काल ह्यांनी एक कोपरा ऍसिडात बुडवला. पांढरा भाग फसफसून निघाला, हे इतके खूश झाले, गाणं म्हणत होते. सकाळी पाहतात तर हे असं."

"गाणं म्हणत होते?"

"हो."

"कुठलं?"

"ताई."

"बरं, राहिलं. पुढे?"

धाकटीने टॉवेलची किनार बोटाला गुंडाळली, सोडली. "हे म्हणतायत, चुन्याचाच गाळ बसलाय वर. ऍसिड जरा कडक केलं की निघून जाईल. पण धीर होत नाहीये. म्हणाले, तुझ्या ताईला विचार. तिचा यात हात बसलेला आहे. तिनेच केलं तर फारच बरं." मग हळूच म्हणाली, "ते स्वतः यायला… तुला माहितीये."

मोठीला माहीत होतं. भिंगवाले या दारात येणार नाहीत. ते टेकाडाचे मालक.

कडक करू का? केवढासा प्रश्न. 'हो' म्हणायचीसुद्धा गरज नव्हती. मान हलवली असती तरी पुरलं असतं. परवा तज्ज्ञ आले असते, आणि भिंगवाल्यांनी मागे हात बांधून त्यांना दाखवला असता एक मळका, बुळबुळीत गोळा, स्वतःच्या हाताने मारलेला. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दगडावर उभा राहिलेला माणूस त्याच दगडावरून घसरून पडला असता. मोठीच्या अंगातून एक गोड कळ गेली. असं सुख तिला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

ती उठली. न्हाणीघराच्या फळीवर नळाचे डाग काढायच्या ऍसिडची बाटली होती, ती आणली. काचेचा पसरट वाडगा आणला. धाकटीच्या समोर ऍसिड ओतलं, त्यात पाणी घातलंच नाही. झणका उठला तशी आई खाटेवरून खोकली.

"इतकं कडक?" धाकटीने विचारलं.

"विचारायला आलीस ना? मग बघत बस."

तिने दगड दोन्ही हातांनी उचलला. किती वर्षांनी. त्याचा कंगोरा तिच्या अंगठ्याखाली जिथे बसायचा तिथेच बसला. तिने तो वाडग्यावर धरला आणि तसाच धरून ठेवला. घाई कशाची होती? तिला ही चव पुरवून पुरवून घ्यायची होती.

"ताई, थांब जरा," धाकटी म्हणाली. "तू आमच्यासाठी एवढं करतेयस, तर मला एक सांगायचंय. आधी सांगते, मग काय करायचं ते कर."

"बोल. माझे हात दुखायच्या आत बोल."

"हा दगड ह्यांनी चोरला नाही. मी दिला." तिने एका दमात सांगून टाकलं. "तू हॉस्पिटलात होतीस. ह्यांची नोकरी सुटणार होती, हे गाव सोडून निघाले होते. मी बाबांच्या कपाटातून काढला आणि नेऊन दिला. म्हटलं, हा दाखवा संग्रहालयाच्या साहेबांना, तुम्हाला ठेवून घेतील. मला वाटलं तू घरी आलीस की सांगेन, तू रागावशील, दोन थपडा देशील, संपेल. मग बाबा गेले. मग सांगायचं राहिलं, ते राहिलंच."

मोठीने दगड वाडग्यावरून बाजूला घेतला आणि टॉवेलवर ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं," ती म्हणाली, "मी चुकीच्या माणसाचं घड्याळ बंद ठेवलं."

धाकटीने दचकून पाहिलं. "तो भाग तुझ्याकडे आहे?"

"खणात."

"ह्यांनी चार गावांना पत्रं लिहिली त्या भागासाठी."

"लिहू देत. अक्षर सुधारतं."

धाकटीला हसू फुटलं आणि त्याच दमात रडूही. मोठीने तिला रडू दिलं. जवळ गेली नाही, पाणीही दिलं नाही. तिच्या डोक्यात हिशेब नव्याने मांडला जात होता आणि तिला तो चुकवायचा नव्हता.

"दगड तू दिलास," ती शेवटी म्हणाली. "ठीक. ते तुझं-माझं, आपण बघू. पण चिठ्ठी? ती तू लिहिलीस?"

"नाही."

"साहेबांनी लिहिली?"

"नाही. ह्यांनीच."

"त्याच्या हाताने. 'हा वर्गमैत्रिणीला सापडला' असं लिहायला शाई जास्त लागली असती का?"

धाकटीने टॉवेलची किनार पुन्हा बोटाला गुंडाळली.

मोठीने वाडगा उचलला, मोरीत नेला, धुण्याच्या सोड्याची मूठभर पूड आधी टाकली आणि मग ऍसिड त्यावर हळूहळू सोडलं. फसफस उठली, फेस खाली बसला. वरून पाण्याची बादली.

"का ओतलंस?" धाकटीने विचारलं.

"कारण ऍसिड याला खातं. तो गाळ नाहीये, हा दगडच विरघळलाय तिथे. बुडवला असता तर संध्याकाळपर्यंत सगळा गेला असता."

धाकटीचा चेहरा पांढरा पडला. "तू मघाशी बुडवणार होतीस."

"होते की."

"माहीत असून?"

"माहीत होतं म्हणूनच."

खाटेवरून आई म्हणाली, "मग का नाही बुडवलास?" तिला कमी दिसत असेल, ऐकू सगळं येत होतं.

मोठी तिच्याकडे वळली. "बुडवला असता तर मेलेला दगड राहिला असता आणि त्याच्याखाली त्याचं नाव जिवंत. मला उलटं हवंय. आणि दगड माझा आहे गं. त्याला कशाला शिक्षा?"

आईने कवळी नीट बसवली. "तेव्हा मी तुझं तोंड दाबलं होतं," ती म्हणाली. "आज नाही दाबत. काय बोलायचं ते बोलून घे."

"बोलेन. आधी काम."

त्या दिवशी दुकानाचं शटर उघडलं नाही. बाहेर कुणी थापा मारल्या, आतून आई ओरडली, "घड्याळवाल्या बाईंना वेळ नाहीये," आणि स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसली.

मोठीने खिडकीजवळ टेबल ओढलं. वडिलांचं भिंग डोळ्याला लावलं, लाकडी मुठीत बसवलेली सुई घेतली आणि पांढरी चुनखडी स्फटिकांच्या कडेकडेने टोकरायला सुरुवात केली. घाव घालायचा नाही, नुसतं टोक टेकवून उचकटायचं. पापुद्रा सुटला की मऊ कुंचल्याने झाडायचा. धाकटी आईसोबत शेंगा सोलत बसली. अधूनमधून दोघी कुजबुजायच्या. मोठीने मान वर केली की गप्प व्हायच्या. एकदा धाकटीने चहाचा कप आणून शेजारी ठेवला. मोठीने न बघता तो एक वीत लांब सरकवला आणि थोड्या वेळाने, गार झाल्यावर, प्यायली.

दुपार कलली तेव्हा पांढऱ्यातून हिरवं उभं राहिलं होतं. एकाला एक लागून, टोकं वर करून, ओलसर, खोल. खिडकीतलं ऊन त्यात शिरत होतं आणि बाहेर यायला उशीर लावत होतं. आईला खाटेवरून उठवून धाकटीने जवळ आणलं. आईने नाक टेकेल इतक्या जवळून पाहिलं.

"हे मात्र मला दिसलं," आई म्हणाली.

धाकटीने मेलेल्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "आणि हा? हा फोडून काढता येईल का? सफाईने? तज्ज्ञांना कळणार नाही."

"येईल. सहज येईल."

"मग?"

"नाही काढणार. तो कोपरा भिंगवाल्यांचा. त्यांनी एवढं केलंय या दगडासाठी, तेवढं तरी दिसायला हवं. परवा कुणी विचारलं की हे कशाने झालं, तर त्यांनी सांगावं."

धाकटीने ताईच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे दया नव्हती आणि ती शोधण्यात अर्थही नव्हता. पण सकाळी होता तो दारासारखा बंद चेहराही आता नव्हता. तिने टॉवेल पुढे केला.

मोठीने टॉवेल घेतला, झटकला, घडी घातली आणि दगडाशिवायच तिच्या हातात परत दिला.

"दगड इथे राहील," ती म्हणाली.

"ताई, परवा माणसं येणारेत."

"परवापर्यंत बराच वेळ आहे. तुझ्या घरापासून इथवर यायला म्हाताऱ्या माणसालाही वेळ लागत नाही."

"ह्यांनी यायला हवं?"

"हो."

"आणि काय करायला हवं? माफी मागायची? सगळ्यांसमोर सांगायचं? ताई, नोकरी जाईल गं त्यांची. थोडीच वर्षं राहिलीत."

"नोकरी त्याला ठेवू दे. हारसुद्धा ठेवू दे. माफी नको, ती मला ठेवायला जागा नाही." मोठीने भिंग डोळ्यावरून काढलं, टेबलावर ठेवलं आणि त्याच्याशेजारी एक कोरं कार्ड आणि पेन ठेवलं. समोरचं स्टूल पायाने बाहेर ओढलं. तेच स्टूल, ज्यावर गिऱ्हाइकं बसतात आणि घड्याळ कधी मिळेल ते विचारतात.

"त्याला सांग, इथे येऊन बसायचं," ती म्हणाली, "आणि हा दगड कुणाला सापडला, ते माझं नाव, स्वतःच्या हाताने या कार्डावर लिहायचं. मी समोर असेन. एवढंच."